निपाणीची धूळ आणि निपाणीचा अभिमान

उद्योगावर जगणाऱ्या गावाला दोन कीर्ती असतात. एक त्या गावात राहणारे लोक सांगतात ती, आणि दुसरी त्या गावावरून जाणारे लोक सांगतात ती. या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. गावचा मनुष्य बाजारपेठेची उलाढाल सांगतो, शाळा दाखवितो, दानशूरांची नावे मोजतो; परका मनुष्य धूर, धूळ आणि दुर्गंध यांची आठवण घेऊन परततो. गावच्या मनुष्याला वाटते, पाहुण्याने आपला अपमान केला. पाहुण्याला वाटते, गाव आंधळे आहे. खरे पाहता दोघांनीही काहीतरी पाहिलेले असते आणि दोघांच्याही दृष्टीतून काहीतरी निसटलेले असते. सीमाभागातील निपाणी या गावाचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

बेळगावाहून उत्तरेस निघालेला प्रवासी काकती-कडोलीचा परिसर मागे टाकून संकेश्वरास येतो, तवंदी घाट ओलांडतो आणि निपाणीत पोहोचतो. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता या गावावरूनच जातो. त्यामुळे निपाणी न पाहिलेला प्रवासी विरळा; परंतु निपाणीत उतरून दोन दिवस राहिलेला प्रवासी त्याहून विरळा. ज्या गावावरून सारे जातात आणि ज्यात फारसे कोणी थांबत नाही, त्या गावाविषयी मते फार लवकर बनतात. ‘नि-पाणी’ अशी नावाची फोड करून विनोद करण्याचा मोहही पुष्कळांना आवरत नाही. वखारींवरून वाहत आलेला उग्र दर्प नाकात शिरला, कोणी शिंकले, कोणी गाडीची काच वर केली, की निपाणीविषयीचा निकाल लागला!

हे गाव मुळात तंबाखूने वसविलेले नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच आप्पासाहेब देसाई निपाणीकर, या सरदाराने निपाणीस नाव मिळवून दिले. पेशवे, पटवर्धन, करवीरकर आणि इंग्रज या चौघांच्या खेचाखेचीत आपले संस्थान टिकवून धरण्याची कसरत या देसायाने कित्येक वर्षे केली. १८३९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे वारसाच्या वादात ही जहागीर इंग्रजांनी खालसा केली. सत्ता गेली तरी पेठ राहिली. कोकणातून घाट चढून येणारा माल आणि देशावरून खाली उतरणारा माल यांची गाठ पडण्यास ही जागा सोयीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-बेळगाव लोहमार्ग झाला, तेव्हा तो निपाणीस बगल देऊन पूर्वेकडून गेला. लोहमार्ग दूर गेल्याने बसलेल्या पेठा महाराष्ट्रात थोड्या नाहीत. निपाणी मात्र बसली नाही, कारण तोवर आसपासच्या काळ्या रानात तिला एक पीक सापडले होते.

ते पीक तंबाखूचे. या पिकाच्या नशिबी पहिल्या दिवसापासूनच कठोर निवाडे आले आहेत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या दरबारी गेला असता त्याला तेथे तंबाखू आढळली. ती त्याने मोठ्या कौतुकाने बादशहापुढे ठेवली आणि दरबारच्या हकिमांनी तत्काळ हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानाविरुद्ध फर्मान काढले. तिकडे विलायतेत १६०४ मध्येच पहिल्या जेम्स राजाने तंबाखूची निंदा करणारी पुस्तिका स्वतः लिहिली होती. राजांनी निषेध केला, वैद्यांनी निषेध केला. तंबाखू मात्र पसरतच गेली आणि राज्यकर्त्यांना तिच्यावरील कर गोड लागू लागला. निषेध पिकाचा करावयाचा आणि उत्पन्न मात्र खजिन्यात भरावयाचे, ही दुटप्पी रीत तेव्हापासूनची आहे. निपाणीच्या वाट्यास जे आले ते समजण्यास ही रीत ध्यानात ठेवावयास हवी.

विडीच्या तंबाखूला कष्ट फार. पावसाळ्यात तरवा टाकावयाचा, पाऊस ओसरू लागला की लावणी करावयाची, झाड वाढीस लागले की शेंडा खुडावयाचा, आणि मग बगलेतून पुनःपुन्हा येणारे फुटवे पुनःपुन्हा काढावयाचे. शेंडा खुडल्याने झाडाचा जोम फुलाबियांत न जाता पानांत उतरतो, पान जाड होते आणि त्यावर ठिपके उठतात. त्या ठिपक्यांवरून जाणता व्यापारी मालाची प्रत ठरवितो. हिवाळा सरता सरता झाडे कापून रानातच उन्हात वाळत घालतात आणि मग पानांचा चुरा करून पोती भरतात. या साऱ्या काळात शेतकऱ्याच्या हातांना पानांचा काळा चिकटा लागलेला असतो. तो धुतल्याने सहज जात नाही. ओल्या पानांतील विषारी द्रव्य कातडीतून अंगात भिनते आणि मळमळ, चक्कर असा त्रास होतो, हे आज वैद्यकानेही सांगितले आहे. पीक काढणाऱ्यास ते अनुभवाने ठाऊक होते.

इतक्या कष्टाने आलेले पीक शेतकऱ्याच्या मालकीचे असूनही त्याच्या हाती राहत नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. करचुकवेगिरी होऊ नये म्हणून माल कोठे साठवावा, कोणी हलवावा, कोणास विकावा यांवर परवान्यांचे जाळे पसरले. परवान्याची वखार व्यापाऱ्याकडे. शेतकऱ्याकडे केवळ रान आणि घर. माल घरात ठेवून भाव चढण्याची वाट पाहणे त्याला शक्यच नव्हते. माल आधी जातो, भाव मागून कळतो आणि पैसा त्याहून मागून येतो, अशी त्याची तक्रार वर्षानुवर्षे राहिली. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ मध्ये उठला; पण छत्तीस वर्षांत पडलेल्या चाली एका हुकुमाने मोडत नाहीत. कर सरकारचा, वखार व्यापाऱ्याची, आणि जोखीम तेवढी शेतकऱ्याची, अशी ही वाटणी होती.

शेतातून निघालेली तंबाखू वखारीत येते आणि तेथे या गोष्टीचा दुसरा अध्याय सुरू होतो. तेथे तंबाखू बडवावयाची, चाळावयाची, पाखडावयाची, तिची प्रत लावावयाची. हे काम बहुतांशी स्त्रिया करीत. तंबाखूची धूळ साध्या धुळीसारखी नसते. ती डोळ्यांत चुरचुरते, घशात बसते, अंगाला झोंबते. नाकातोंडाला फडके बांधले तरी ती आत शिरतेच. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे कष्ट निराळे. सूप मांडीवर घेऊन, टेंभुर्णीचे पान कात्रीने बेतून, त्यात चिमूटभर जर्दा भरून, दोऱ्याने बांधून, हजाराचा हिशेब पुरा करावयाचा. त्यातल्या काही विड्या ‘खराब’ ठरवून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी बुडे. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला होता. परंतु दिल्लीत झालेला कायदा वखारीच्या दारातून आत येण्यास पुष्कळ वेळ लागतो.

१९७८ मध्ये या साऱ्याकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले गेले. पुण्याचे डॉक्टर आणि पत्रकार अनिल अवचट यांनी निपाणीस येऊन वखारींतील आणि विडीच्या धंद्यातील स्त्रियांचे जिणे पाहिले आणि त्यावर लिहिले. त्याच वर्षी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकातून ते इंग्रजी वाचकांपुढेही गेले. ज्या गावाची ओळख तोवर मोठी बाजारपेठ अशी होती, ते गाव एकाएकी श्रमिक स्त्रियांच्या शोषणाचे उदाहरण म्हणून देशभर माहीत झाले. असे काही छापून आले म्हणजे कोणत्याही गावात दोन तऱ्हेचे लोक दिसतात. ‘आमच्या गावची बदनामी झाली’ असे म्हणणारे एक, आणि ‘लिहिले ते खोटे कोठे आहे?’ असे विचारणारे दुसरे. या दोघांत गावाचा खरा अभिमानी कोण, हाच खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न निपाणीपुरता नाही. ज्या शहराच्या नावाने आपल्याकडील इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून गौरविले जाते, त्या विलायतेतील मँचेस्टरलाच हा प्रश्न प्रथम पडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापसाच्या जोरावर ते शहर जगभर गाजत होते. त्याच वेळी तेथे दोन वर्षे राहिलेला एंगेल्स नावाचा जर्मन तरुण मजुरांच्या वस्त्या हिंडत होता. १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाने त्या शहराची कीर्ती काळवंडली. नामांकित कादंबरीकार डिकन्स याने जवळच्या प्रेस्टन गावातील संप पाहिला आणि १८५४ मध्ये गिरणगावाचे एक कल्पित चित्र असे रंगविले की सारी गिरणगावे त्याच नजरेने पाहिली जाऊ लागली. परंतु याच शहरात एलिझाबेथ गॅस्केल नावाची एक स्त्री, एका धर्मोपदेशकाची पत्नी, १८३२ पासून राहत होती. तिने १८४८ मध्ये मजुरांच्या जीवनावर कादंबरी लिहिली, तेव्हा गिरणीमालकांचे काही कैवारी रागावले. बाहेरच्याने लिहिले तर ‘त्याला काय ठाऊक’ म्हणता येते. घरच्या मनुष्याने लिहिले तर काय म्हणावयाचे? मँचेस्टरने पुढे जो मान मिळविला तो टीकाकारांना गप्प बसवून नव्हे. १८५२ मध्ये तेथे सर्वांसाठी मोफत ग्रंथालय उघडले, आणि त्या समारंभास डिकन्स स्वतः उपस्थित होता. टीकेला असे उत्तर दिले म्हणजे टीकाकारही पाहुणा म्हणून येतो.

निपाणीनेही उत्तर दिले. पण ते वर्तमानपत्रांतील खुलाशांनी नव्हे. ते दिले वखारीतल्या बायकांनी. बाहेरून आलेल्या सहृदय मनुष्यालाही जी गोष्ट सहसा दिसत नाही ती ही, की पिचलेला मनुष्य केवळ पिचलेला नसतो. खोकल्याने वाकलेली बाई त्याला दिसते. तीच बाई उद्या वखारीच्या दारात उभी राहून मालकाला जाब विचारील, हे सहसा दिसत नाही. निपाणीचेच प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या आणि चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली त्यांनी लढे दिले. मागण्या साध्या होत्या: रास्त मजुरी, कामाचे ठरावीक तास आणि माणुसकीची वागणूक. ज्या बाईने उभ्या जन्मात मालकापुढे मान वर केली नव्हती, तिने मोर्चात घोषणा देण्यासाठी तोंडावरचे फडके खाली घेतले, याचे मोल मजुरीच्या वाढीने मोजता येणार नाही. ‘युगांतर’ या बंगळूरच्या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली या लढ्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात निपाणीच्या स्त्रिया स्वतः बोलतात, स्वतःची कहाणी स्वतः उभी करतात. बाहेरच्या मनुष्याने गावाचे चित्र काढावे कसे, याचा हा एक चांगला पाठ आहे. निकाल देण्याआधी त्याने बोलू द्यावे आणि ऐकावे.

स्त्रियांनंतर शेतकरी उठले. शरद जोशी यांची शेतकरी संघटना १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या आंदोलनाने गाजली होती. तंबाखूच्या भावाचा प्रश्न घेऊन निपाणीच्या शेतकऱ्यांनी त्यांना हाक दिली. १४ मार्च १९८१ रोजी हजारो शेतकरी बैलगाड्या आणि भाकरी बांधून हमरस्त्यावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथे बसून होते. उघड्या माळावर एक गावच वसले. मराठी आणि कानडी बोलणारे शेतकरी तेथे एका पंक्तीत जेवले, आणि वखारीत राबणाऱ्या स्त्रियांनीही या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला. एरवी शेतकरी आणि मजूर यांची हिते एकमेकांविरुद्ध उभी केली जातात. येथे ती काही काळ तरी एकत्र आली, ही साधी गोष्ट नव्हे. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी हा तळ उठविला. गोळीबार झाला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले.

सरकारच्या दफ्तरी ही हमरस्ता अडविणाऱ्या जमावाची हकीकत होती. रस्त्यावर अडकून पडलेल्या मोटारवाल्यासही कदाचित तसेच वाटले असेल. ज्या रस्त्यावरून वर्षानुवर्षे लोक नाकाला रुमाल लावून गेले, त्याच रस्त्यावर निपाणीने त्यांना प्रथमच थांबावयास लावले होते. गावाने या दिवसाचा निवाडा निराळा केला. त्याने त्या बारा जणांना हुतात्मे म्हटले आणि दरवर्षी त्यांचे स्मरण केले. परक्याचा निवाडा आणि गावाचा निवाडा यांत इतके अंतर पडल्याचे दुसरे उदाहरण सोलापूरचे. १९३० च्या मे महिन्यात त्या गिरणगावात ब्रिटिशांची सत्ता काही दिवस ढासळली. सरकारने त्याला दंगलखोरांचे शहर ठरवून १२ मेपासून ३० जूनपर्यंत लष्करी कायदा लादला. गांधी टोपी घालणे हादेखील गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले. ज्या घटनेने सरकारदरबारी सोलापूरचे नाव खराब झाले, त्याच घटनेने सोलापूर आज स्वतःला हुतात्म्यांचे शहर म्हणवून घेते. काळाने कोणाचा निवाडा कायम केला, हे सांगावयास नको.

परंतु गावाचा अभिमान केवळ हौतात्म्यावर उभा राहत नाही. त्याला रोजच्या जीवनाची साक्ष लागते आणि ती साक्ष देणारा लेखक लागतो. निपाणीस असा लेखक लाभला. महादेव मोरे यांनी गॅरेजमध्ये काम केले, टॅक्सी चालविली आणि पुढे आयुष्यभर निपाणीत पिठाची गिरणी चालविली. दळणाचे डबे घेऊन येणाऱ्या बायका, वखारीतले हमाल, टॅक्सीवाले, बाजारातली फाटकी माणसे, हीच त्यांच्या कथाकादंबऱ्यांतील माणसे होत. ‘झोंबड’, ‘एकोणिसावी जात’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी सीमाभागाचे बोलणे, कानडी वळणाची मराठी, तिच्यातील शिव्या आणि तिच्यातील माया यांना मराठी वाङ्मयात जागा मिळवून दिली. त्यांनी निपाणी सजवून दाखविली नाही आणि तिची कीवही केली नाही. गिरणीचे पीठ अंगावर घेतलेल्या या मनुष्याने तंबाखूची धूळ अंगावर घेतलेल्या माणसांविषयी लिहिले. त्यामुळे ‘बदनामी केली’ असे म्हणण्यास कोणास जागाच उरली नाही. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मँचेस्टरला गॅस्केल बाईंचे जे मोल, तेच निपाणीला मोऱ्यांचे. गावाविषयी कडू बोलण्याचा हक्क गावात राहून कमवावा लागतो.

सीमाभागात हा हक्क जपणाऱ्या जागाही आहेत. बेळगावजवळच्या कडोलीसारख्या खेड्यात, तसेच उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी आणि निपाणीकडील कारदगा अशा गावांत गावकरी वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलने भरवितात. ग्रंथदिंडी निघते, दिवसभर मांडव भरलेला असतो. मोठ्या शहरांना वाटते की साहित्य आपल्याकडे घडते आणि खेड्यांनी ते वाचावे. कडोलीचा मांडव सांगतो की आमच्याविषयी बोलावयाचे असेल तर आमच्यासमोर येऊन बोला, आणि आमचेही ऐका.

निपाणीच्या अभिमानाला आणखीही आधार आहेत आणि ते तंबाखूच्या पोत्याआड झाकले जाऊ नयेत. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीस भरले होते. महाडचा सत्याग्रह अद्याप दोन वर्षे दूर होता. त्या काळी ही परिषद आपल्या गावी बोलाविण्याचे धैर्य येथील कार्यकर्त्यांनी दाखविले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि येथील मराठी भाषिकांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी महाराष्ट्रास द्यावी अशी शिफारस होती. तिची अंमलबजावणी झाली नाही. दरम्यान १९६० मध्ये शेठ देवचंद शहा यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले, तेही गावाला लागून, पण राज्याच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रातील अर्जुननगरात. घर एका राज्यात आणि महाविद्यालय दुसऱ्या राज्यात, अशी निपाणीच्या मुलांची स्थिती झाली. नकाशावरची रेघ त्यांनी पायी ओलांडली आणि ते शिकले. तंबाखूच्या पेठेने कमविलेला पैसा साराच वाड्यांत आणि गाड्यांत गेला नाही, याची ही साक्ष. मात्र त्या पैशात वखारीतल्या स्त्रियांचा खोकलाही होता, हे अभिमानाने बोलताना विसरता कामा नये.

आता निपाणीपुढे सर्वांत अवघड निवाडा उभा आहे, आणि तो कोणा उतावळ्या प्रवाशाचा नाही, वैद्यकशास्त्राचा आहे. १९६२ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या संस्थेने आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय अहवालाने धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध जगापुढे मांडला. २००३ मध्ये भारतात तंबाखूजन्य पदार्थांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. २००४ मध्ये भारताने तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली. २०१६ पासून वेष्टनाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर धोक्याची सूचना आणि चित्र छापणे बंधनकारक झाले. विडी सिगारेटहून सौम्य आहे ही समजूतही शास्त्राने खोटी ठरविली आहे. या निवाड्यापुढे ‘आमच्या गावाची बदनामी’ हा शब्द चालत नाही, कारण तो निवाडा खरा आहे. ज्या पिकाने घरे बांधली, मुले शिकविली, लग्ने लावली, त्याच पिकाने दूरच्या कित्येक घरांत दुःख नेले, हे मान्य करणे कोणत्याही गावास जड जाते. परंतु हा निवाडाही अर्ध्यावर सोडता येत नाही. त्याच आंतरराष्ट्रीय कराराचे सतरावे कलम सांगते की तंबाखू पिकविणाऱ्यांना आणि तिच्यावर राबणाऱ्यांना पोट भरण्याचा दुसरा परवडणारा मार्ग मिळवून देण्यास सरकारांनी साहाय्य करावे. पाकिटावरचे चित्र सक्तीने छापले जाते. या कलमाची अंमलबजावणी तितक्याच सक्तीने झाली पाहिजे. अन्यथा राजे निषेध करतात आणि खजिना भरून घेतात, ही चारशे वर्षांपूर्वीची रीतच पुढे चालू राहील.

निपाणी परिसरातील शेतकऱ्याने वाट पाहत बसण्याचे नाकारले आहे. वेदगंगा-दूधगंगेचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस आला, कोरडवाहू रानात सोयाबीन आले, सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तंबाखूचे क्षेत्र घटत गेले. वखारींची संख्या आणि दबदबा दोन्ही उतरले. हा बदल चांगला आहे. परंतु वखार बंद झाली म्हणजे तीत राबलेल्या बाईची सोय होतेच असे नाही. शेतकऱ्याजवळ निदान रान आहे, तो दुसरे पीक घेईल. पाखडण्याच्या कामावर वाढलेल्या आणि आता वय उतरलेल्या स्त्रीजवळ फुफ्फुसातल्या धुळीखेरीज दुसरे काय आहे? जग जेव्हा निपाणीला ‘तंबाखू सोडा’ म्हणते, तेव्हा ते या बाईचे काय करावयाचे तेही सांगते काय, एवढे विचारण्याचा अधिकार निपाणीला आहे. हा प्रश्न विचारणे म्हणजे तंबाखूची वकिली नव्हे.

गावाचा अभिमान दोन प्रकारचा असतो. एक अभिमान पाहुणा येण्यापूर्वी अंगणातील कचरा दाराआड लोटतो आणि पाहुण्याने दार उघडले तर त्याच्यावरच रागावतो. दुसरा अभिमान पाहुण्यासमोरच केरसुणी हाती घेतो. निपाणीच्या इतिहासात दोन्ही सापडतात, तसे ते कोणत्याही गावात सापडतील. परंतु ज्या घटनांनी निपाणीचे नाव मोठे झाले, मग ती १९२५ ची परिषद असो, वखारीतल्या स्त्रियांचा लढा असो, १९८१ चे आंदोलन असो की पिठाच्या गिरणीत बसून लिहिलेल्या कथा असोत, त्या साऱ्या दुसऱ्या प्रकारच्या अभिमानातून आल्या आहेत. बाहेरच्यांनी धूळ दाखविली ती खरी होती. ती धूळ कोणाच्या अंगावर पडते आणि ती कोण झटकतो, हे मात्र गावानेच दाखवून दिले.

तेव्हा हमरस्त्याने जाणाऱ्याने निपाणीचा दर्प आला म्हणून नाक अवश्य दाबावे. तो उग्र आहेच. परंतु निकाल देण्यापूर्वी क्षणभर थांबून त्या बारा शेतकऱ्यांची आणि तोंडावरचे फडके खाली घेणाऱ्या त्या स्त्रियांची आठवण करावी. आणि निपाणीकरानेही गावची थोरवी सांगताना बाजारपेठेच्या उलाढालीआधी त्यांचीच नावे घ्यावीत. दोघांनी इतके केले तर गावाच्या दोन कीर्तींमधील अंतर पुष्कळ कमी होईल.